बाद होण्यासाठी मारलेला फटका

श्रोतेहो, नमस्कार.

बेसबॉल म्हटलं की बहुतेकांना होम रन आठवते. मला मात्र या खेळातला एक अगदी छोटा फटका फार आवडतो. त्यात चेंडू जेमतेम दहा-पंधरा पावलं जातो आणि मारणारा बहुतेक वेळा बाद होतो. त्याचं नाव सॅक्रिफाइस बंट.

असं समजा, सामना बरोबरीत आहे. एकही गडी बाद नाही आणि पहिल्या बेसवर, म्हणजे धाव पूर्ण करण्याच्या वाटेवरच्या पहिल्या थांब्यावर, एक धावक उभा आहे. फलंदाज पिचरकडे, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याकडे, तोंड करून वळतो, वरचा हात बॅटच्या जाड भागाकडे सरकवतो आणि बॅट आडवी धरतो. आता बॅट फिरवायची नाही. वेगानं आलेला चेंडू बॅटवर जणू झेलायचा. पकड इतकी सैल, की चेंडूचा जोर तिथंच मरावा आणि तो घरंगळत गवतावर थांबावा. बोटं मात्र बॅटच्या मागे लपवायची, नाहीतर चिरडलीच! क्षेत्ररक्षक धावत येऊन चेंडू उचलतात, तोवर धावक दुसऱ्या बेसजवळ पोचलेला असतो. मग ते फलंदाजालाच पहिल्या बेसवर बाद करतात. पण आता पुढच्याचा एक साधा फटकाही दुसऱ्या बेसवरच्या धावकाला बहुधा घरी आणतो, म्हणजे त्याची धाव पूर्ण होते.

याची किंमत मोठी आहे. नऊ डावांत संघाकडे बाद होण्यासाठी फक्त 27 संधी असतात, त्यातली एक आपण हातानं देऊन टाकतो. अमेरिकेतल्या अभ्यासकांनी हजारो सामन्यांचा हिशेब मांडला, तेव्हा असा बंट केल्यावर त्या डावातल्या अपेक्षित धावा वाढण्याऐवजी कमीच होतात असं दिसलं. त्यामुळे तिथल्या मेजर लीगमध्ये, म्हणजे सर्वोच्च व्यावसायिक स्पर्धेत, हा फटका दुर्मीळ होत गेला. 2022 पासून या स्पर्धेतल्या दोन्ही लीगमध्ये, म्हणजे तिच्या दोन्ही गटांत, पिचरऐवजी दुसराच खेळाडू फलंदाजी करतो. नेहमी बंट करणारे पिचरच होते, तेही गेले.

जपानमध्ये मात्र या फटक्याचा मान टिकून आहे. योमिउरी जायंट्स या संघाचा मासाहिरो कावाई यानं 2003 मध्ये अमेरिकेच्या एडी कॉलिन्सचा 512 सॅक्रिफाइस बंटचा विक्रम मोडला आणि पुढे 533 वर कारकीर्द थांबवली. पाचशेहून जास्त वेळा दुसऱ्याला पुढं नेणं, हे काम किती सरावानं येत असेल!

पण मला सर्वांत भावतो तो धावफलक लिहिण्याचा नियम. असा बंट करून बाद झालेल्या फलंदाजाची ती खेळी त्याच्या सरासरीत धरतच नाहीत. त्याच्या नावापुढे बाद झाल्याचा डाग लागत नाही. मात्र फलंदाजाला स्वतःसाठीच बेस मिळवायचा होता, असं अधिकृत गुणलेखकाला वाटलं, तर ही सवलत मिळत नाही. म्हणजे गुणलेखकानं फलंदाजाच्या मनात काय होतं तेही वाचायचं! आणि ते कळेनासं झालं तर? नियम सांगतो, संशयाचा फायदा फलंदाजाला द्या. क्रिकेटवर वाढलेल्या आपल्या कानांना हे शब्द किती ओळखीचे वाटतात!

नमस्कार.