महापुराच्या वाटेत भराव

मंडळी, शक्तिपीठ महामार्गावर आजवर बोलणं झालं ते मुख्यतः जमिनीवर, आणि ते रास्तच आहे. देवस्थानं जोडायची म्हणून आखलेला हा रस्ता, मूळ आखणीनुसार वर्ध्याच्या पवनारपासून सिंधुदुर्गातल्या पत्रादेवीपर्यंत सुमारे 802 किलोमीटर, 12 जिल्हे, काही हजार हेक्टर जमीन. ज्याचं दोन एकर रान मधोमध कापलं जाणार, त्यानं आधी जमिनीबद्दलच बोलावं. पण ज्यांचा एक गुंठाही जाणार नाही, त्यांच्याही उंबऱ्याशी हा प्रकल्प येतो. तो पाण्यातून येतो. म्हणून मी आज पाण्याबद्दल बोलणार आहे.

कोल्हापूर जिल्ह्यातला शिरोळ तालुका डोळ्यांसमोर आणा. कृष्णा, वारणा, पंचगंगा, दूधगंगा अशा चार नद्यांचं पाणी इथल्या शिवारात येतं. उतार अगदी थोडा. पंचगंगा नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते, पण कृष्णाच तुडुंब असेल तर पंचगंगेला पुढे वाट मिळत नाही आणि पाणी मागं चढत जातं. नदीचं पाणी दत्तमंदिरात शिरून दक्षिण दारानं बाहेर पडतं त्या दक्षिणद्वार सोहळ्याला वाडीला जाणाऱ्यांना हे कुणी समजावून सांगायला नको. 2019 आणि 2021, दोन्ही वर्षी कोल्हापूरजवळच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेनं 55 फूट ओलांडले. तिथली धोका पातळी 43 फूट आहे.

अशा वेळी नदी पात्रातून वाहत नसते. ती सगळ्या मळ्यातून, पाणंदीतून, उसाच्या सऱ्यांमधून पसरून, हळूहळू सरकत असते. आता त्या पसरलेल्या पाण्याला आडवा भराव घाला. सहापदरी महामार्ग, कुठूनही चढता-उतरता येणार नाही असा. म्हणजे गावरस्ते खालून काढायचे, म्हणून तो उंच बांधायचा, म्हणून मुरमाचा लांबच लांब भराव. ओढ्याच्या जागी मोरी ठेवली जाईल, नदीवर पूल होईल, हे मला मान्य आहे. पण महापूर फक्त ओढ्यातून येत नाही. दोन मोऱ्यांच्या मधलं पाणी भरावाला थटतं आणि वरच्या अंगाला फुगवटा येतो. पुणे-बंगळूर महामार्ग 2019 मध्ये शिरोलीजवळ पाण्याखाली जाऊन कित्येक दिवस बंद होता. तिथल्या भरावाबद्दल आसपासच्या गावांची तक्रार आजही जिवंत आहे. महापुराला एकटा रस्ता जबाबदार असतो असं मी म्हणत नाही. पाऊस आहे, धरणांचे विसर्ग आहेत, नदीकाठची बांधकामं आहेत. पण आधीच तुंबणाऱ्या खोऱ्यात आणखी एक अडथळा कशासाठी?

चार दिवसांचं पाणी आणि दहा दिवसांचं पाणी, यातला फरक ऊसवाल्याला विचारा. शेंडा पाण्याबाहेर राहिला तर ऊस बऱ्याचदा तगतो. पण पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या कोवळ्या गाभ्यात, गाळ बसला आणि पाणी हटलंच नाही, की आतून कुजायला लागतो. मग पानं हिरवी दिसतात, हातानं ओढली की पोंगा अलगद निघून येतो आणि बुडखा घाण मारतो. फुगवटा दोन दिवसांनी वाढला तर काय होतं, ते त्या पोंग्यात दिसतं.

पुढं हाच मार्ग सह्याद्री उतरून कोकणात जायचा आहे. सावंतवाडी-दोडामार्गचा पट्टा राधानगरीकडून गोवा आणि कर्नाटकातल्या जंगलांकडे जाणाऱ्या वाघांची वाट आहे. तिथली 25 गावं पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील घोषित करा, असं उच्च न्यायालयानं 2024 मध्ये सरकारला बजावलं. आंबोलीतल्या हिरण्यकेशीच्या उगमाशी सापडलेल्या एका माशाच्या प्रजातीसाठी राज्यानंच ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. तेच राज्य या डोंगरातून बोगदे आणि सहा पदर न्यायचं म्हणतं, हे मला पटत नाही. रत्नागिरी-नागपूर महामार्ग कोल्हापूर, सोलापूर, तुळजापूर, नांदेडला जोडतोच. देवदर्शनाची वाट अडलेली नाही.

2024 च्या विधानसभेआधी कोल्हापुरातली भूसंपादनाची अधिसूचना मागं घेतली गेली आणि आपण हुश्श केलं. 2025 च्या जूनमध्ये मंत्रिमंडळानं 20,787 कोटींची तरतूद मंजूर केली. आखणी इकडून तिकडं सरकेल, पण या नद्या ओलांडल्याशिवाय कोकणात जाता येत नाही. त्यामुळं ‘आमच्या गावातून गेला नाही, सुटलो’ असं कुणी मानू नये.

पर्यावरणीय जनसुनावणीची नोटीस निघाली की किमान 30 दिवस हातात असतात. तेव्हा नुसतं ‘महामार्ग रद्द करा’ असं लिहून थांबू नका. तेही लिहा, मीही लिहिणार आहे. पण त्याखाली आपला गट नंबर, दोन्ही महापुरांत पाणी कुठवर आलं, किती दिवस थांबलं, कुठल्या दिशेनं ओसरलं हे लिहा. घराच्या भिंतीवर खूण असेल तर फोटो जोडा. पाणीपुरवठा संस्थेची पाइपलाइन आखणीच्या कुठून जाते तेही दाखवा. आणि विचारा, या भरावामुळं आमच्या गावात पाणी किती इंच वाढेल याचा हिशेब अहवालाच्या कुठल्या पानावर आहे? उत्तर लेखी मागा आणि ते ग्रामसभेत वाचून दाखवा.