‘जीएसटीचं काम पाहिलं’ या ओळीत काय कमी आहे?

(ठाण्यात नोकरी शोधणाऱ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

आज इथे वागळे इस्टेटमधले लोक आहेत, रबाळे-महापेचे आहेत, ऐरोलीच्या आयटी पार्कमधले आहेत आणि न्हावा शेवा बंदराच्या कामात असलेलेही आहेत. कामं वेगळी, पण रेझ्युमेत एक ओळ सगळ्यांची सारखी: ‘रिस्पॉन्सिबल फॉर’, आणि पुढे अकाउंट्स, डिस्पॅच किंवा कस्टमर सपोर्ट. ही ओळ खोटी नसते. पण तीत नेमून दिलेलं काम कळतं, तुम्ही ते कसं केलंत हे कळत नाही. तुमच्या आधी त्या खुर्चीवर बसलेल्यानेही नेमकी हीच ओळ लिहिली असती.

एक ओळ नीट उलगडून पाहू. समजा, एका छोट्या कारखान्यात एक अकाउंट्स असिस्टंट आहे. तिने लिहिलंय, ‘जीएसटीचं काम पाहिलं.’ तिला विचारायचं: नेमकं काय केलंस? खरेदीची बिलं जीएसटीआर-२बी शी, म्हणजे पुरवठादारांनी भरलेल्या बिलांवरून जीएसटी पोर्टलवर तयार होणाऱ्या यादीशी, जुळवली. किती? महिन्याला साधारण ३५०. आणि त्याने काय बदललं? इथे बहुतेक जण गप्प होतात, कारण रोजचं काम करताना आपण काही बदललं असं वाटतच नाही. मग कामाच्या तारखांकडे वळायचं. दरमहा रिटर्न भरणाऱ्या पुरवठादाराला जीएसटीआर-१ हे विक्रीचं रिटर्न ११ तारखेपर्यंत भरायचं असतं. त्यात आपलं बिल राहिलं, तर १४ तारखेला तयार होणाऱ्या २बीत ते दिसत नाही आणि २० तारखेपर्यंत भरायच्या ३बीत, म्हणजे कर भरण्याच्या रिटर्नमध्ये, त्याचं क्रेडिट (खरेदीवर दिलेल्या कराची वजावट) घेता येत नाही. ही मुलगी ५ तारखेलाच प्रत्येक पुरवठादाराला त्याच्या बिलांची यादी पाठवायला लागली. आधी महिन्याला चाळीसेक बिलांचं क्रेडिट पुढे ढकललं जायचं, आता दहाएक बिलांचं. आता ओळ अशी होते: ‘महिन्याला सुमारे ३५० खरेदी बिलं २बी शी जुळवली, ५ तारखेलाच पुरवठादारांना यादी पाठवण्याची पद्धत सुरू करून क्रेडिट अडकलेली बिलं ६ महिन्यांत ४० वरून १० वर आणली.’

यातला सगळ्यात मोलाचा भाग ५ तारीख आहे, हे लक्षात घ्या. ४० वरून १० हा आकडा कुणीही टाकू शकतो. ५ तारीख का निवडली, हे ज्याने काम केलंय त्यालाच सांगता येतं, आणि मुलाखत घेणारा जाणकार असेल तर तो तिथेच थांबतो.

आकडे आठवून लिहू नका, नोंदींतून काढा. टॅली या अकाउंटिंग सॉफ्टवेअरमधली महिन्याची व्हाउचरं, शॉप फ्लोअरवरचं प्रॉडक्शन आणि रिजेक्शन रजिस्टर, सपोर्टमध्ये असाल तर टिकिटांचा महिन्याचा रिपोर्ट, डिस्पॅचमध्ये गेट पासचं बुक. नोकरी सोडल्यावर हे हाती लागत नाही, म्हणून दर तिमाहीला आपल्यापुरते दोन-चार आकडे वहीत टिपून ठेवावेत. फाइली घरी नेऊ नका. तो कंपनीचा डेटा आहे. ग्राहकाचं नाव किंवा उलाढाल रेझ्युमेत घालू नका. रक्कम सांगणं योग्य नसेल तर टक्के द्या.

टक्क्यांत मात्र हमखास घोळ होतो. सीएनसी (संगणकाने चालणाऱ्या) मशिनच्या ऑपरेटरने रिजेक्शन, म्हणजे नाकारल्या जाणाऱ्या नगांचं प्रमाण, ४ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आणलं, तर ती घट १ टक्का नव्हे, २५ टक्के. पण नुसतं ‘रिजेक्शन २५ टक्के कमी’ लिहिलं तर वाचणाऱ्याला मूळ काय होतं ते कळत नाही. म्हणून दोन्ही टोकं लिहा: ‘४ वरून ३ टक्के’. सेटिंगचा वेळही तसाच: ‘५० मिनिटांवरून ३५’. महिन्याला २० नग बनत असतील तर टक्के मुळीच काढू नका, एका नगाने आकडा ५ टक्क्यांनी हलतो.

दुसरा घोळ श्रेयाचा. सहा जणांच्या टीमने केलेलं काम एकट्याच्या नावावर लिहिलं, की मुलाखतीतला पहिलाच प्रश्न अडकवतो. उलट आपल्याकडे संकोचाने ‘टीमला मदत केली’ असं लिहिणारेही पुष्कळ, आणि मला त्यांचंच जास्त वाईट वाटतं, कारण बऱ्याचदा खरं काम त्यांनीच केलेलं असतं. ‘सहा जणांच्या टीममध्ये कंटेनरच्या फ्री डेजचा रोजचा ट्रॅकर मी बनवला आणि चालवला’ हे खरंही आहे आणि पुरेसंही. (फ्री डेज म्हणजे कंटेनरवर जादा आकार न लागणारे दिवस.)

परिणाम मोजता येत नसेल, तर व्याप सांगा: किती माणसं, किती शिफ्ट, किती वेळा, कोणत्या मुदतीत. रिसेप्शनवरच्या कामालाही रोजचे व्हिजिटर आणि बुकिंगची संख्या असते.

इंग्रजी रेझ्युमेत ओळीची सुरुवात क्रियापदाने करा: प्रिपेअर्ड, रिड्यूस्ड, ट्रेन्ड, रिकन्साइल्ड. चालू नोकरीत रोज होणारं काम वर्तमानकाळात, संपलेलं भूतकाळात. एक ओळ कागदावर दोन ओळींपलीकडे जाऊ देऊ नका. अलीकडच्या नोकरीला चार-पाच ओळी, जुन्या नोकरीला एक-दोन, आणि सगळ्यात भक्कम ओळ वर. जाहिरातीत ‘बिल ऑफ एंट्री’ (आयात मालाचं कस्टम्ससाठीचं कागदपत्र) असेल आणि तुम्ही ते काम केलं असेल, तर तोच शब्द वापरा. नोकरीच्या पोर्टलवरचा शोध शब्दांवरच चालतो. टेबल आणि टेक्स्ट बॉक्स टाळा, काही सॉफ्टवेअर त्यांतला मजकूर उलटसुलट वाचतात.

फ्रेशर्सनी प्रोजेक्टला हेच प्रश्न लावावेत. ‘अटेंडन्स अ‍ॅप बनवलं’ याऐवजी कोणत्या भाषेत, किती स्क्रीन तुम्ही स्वतः लिहिल्या, किती जणांनी ते खरोखर वापरून पाहिलं. आयटीआयचे विद्यार्थी असाल तर अप्रेंटिसशिपमध्ये कोणती मशिनं स्वतः सेट केली आणि मायक्रोमीटरने कोणत्या टॉलरन्सपर्यंत (मापात चालणाऱ्या फरकापर्यंत) मोजमाप केलं, ते लिहा. वापरणारे आठच विद्यार्थी असतील, तर आठच लिहा.