कापलं कुठल्या महिन्यात?

बडोद्यात बसून समुद्री शेवाळावर काय बोलणार, असं कोणाच्या मनात आलं असेल तर त्यांनी ओखामंडळ आठवावं. द्वारका-ओख्याचा तो किनारा गायकवाड सरकारचा. सयाजीराव महाराजांच्या काळात सागरी जीवशास्त्रज्ञ जेम्स हॉर्नेल यांनी तिथल्या समुद्री जीवसृष्टीची पाहणी केली, अहवालाचा पहिला भाग 1909 साली निघाला. त्या बाजूच्या खडकांवर सरगॅसम आजही उगवतं. पावसाळा सरला की वाढीला लागतं, थंडीत भरात येतं. हे झालं तपकिरी शेवाळ. चायना ग्रास तांबड्या शेवाळाचं, त्याला आज हात लावत नाही.

तपकिरी शेवाळात मुख्य बहुशर्करा, म्हणजे साखरेसारख्या घटकांच्या लांब साखळ्या, तीन: अल्जिनेट, लॅमिनॅरिन आणि फ्यूकॉयडन. यातलं अल्जिनेट तुमच्यापैकी अनेकांच्या तोंडात जाऊन आलंय. कवळीचं माप घेताना दातांचे डॉक्टर साच्यात लगदा भरून दाबून धरतात ना, तेच. पावडरीत कॅल्शियमचा क्षार असतो, पाणी पडलं की दोन-चार मिनिटांत लगद्याचं रबर होतं. अल्जिनेटच्या साखळीत घटक दोनच, मॅन्युरॉनिक आणि ग्युल्युरॉनिक आम्ल. आपण त्यांना एम आणि जी म्हणू. ओळीनं जी आले की साखळीला खोबणी पडतात आणि अशा दोन साखळ्यांच्या मधे कॅल्शियम बसतं, अंड्यांच्या ट्रेमधे अंडी बसावीत तसं. त्यामुळे जी जास्त असेल तर जेल घट्ट आणि ठिसूळ, एम जास्त असेल तर मऊ आणि लवचीक.

गंमत याच्या पुढे आहे. शेवाळ आधी विणतं ती साखळी निव्वळ एमची. मग एक एन्झाइम त्या तयार साखळीवरून फिरतं आणि काही एमच्या पाचव्या कार्बनाची मांडणी उलटवून त्यांचे जी करून टाकतं. म्हणजे हे प्रमाण जागा पाहून बदलता येतं. नॉर्वेच्या किनाऱ्यावरचं लॅमिनॅरिया हायपरबोरिया घ्या. त्याच्या जुन्या, ताठ देठात जी भरपूर, आणि त्याच झाडाच्या पात्यात बरंच कमी. (झाड म्हणतोय ते सवयीनं, वनस्पतींशी तपकिरी शेवाळाचं नातं फार लांबचं आहे.) मग लाटांचा मार जास्त तिथे जी जास्त, असा नियम करायचा मोह होतो. तो करू नका. चिली आणि न्यूझीलंडच्या खवळलेल्या किनाऱ्यावर वाढणाऱ्या ड्युर्व्हिलियात एम जास्त असतं. ते ताठ उभं राहतच नाही, लाटेबरोबर ताणलं जातं.

लॅमिनॅरिन म्हणजे ग्लुकोजचा साठा. थंड समुद्रातल्या लॅमिनॅरियात तो उन्हाळ्यात जमतो, शरदात भरतो आणि हिवाळा संपता संपता नवं पातं फुटताना जवळजवळ संपतो. स्कॉटलंडमध्ये डब्ल्यू. ए. पी. ब्लॅक यांनी 1940च्या दशकात महिन्यामागून महिना नमुने तपासून हे चढउतार मांडले. असे तक्ते वाचताना एक भान ठेवावं लागतं. आकडे सुक्या वजनाच्या टक्क्यांत असतात. साठा वाढला की अल्जिनेटचा टक्का घसरलेला दिसतो, प्रत्यक्षात अल्जिनेट तेवढंच असलं तरी.

राहिलं फ्यूकॉयडन, आणि प्रश्न सगळ्यात जास्त त्याचेच येतात, कारण त्याच्या कॅप्सूल विकल्या जातात. फ्यूकोज ही साखर आणि तिला चिकटलेले सल्फेट, एवढा गाभा. बाकी गॅलॅक्टोज, झायलोज किती, सल्फेट किती आणि कुठे, हे जातीगणिक वेगळं. ओहोटीला तासन्‌तास उघडी पडणारी पेल्वेशिया, फ्यूकस यांच्यात ते जास्त, सतत पाण्याखाली राहणाऱ्या लॅमिनॅरियात कमी. शिवाय काढताना आम्ल आणि उष्णता जरा जास्त झाली तर साखळ्या तुटतात, सल्फेटही गळतात. बाटलीवर मात्र एकच नाव. विकणाऱ्यांना मी विचारतो: जात कोणती, किनारा कोणता, कापलं कुठल्या महिन्यात? जात कधीकधी सांगतात. महिना अजून कोणी सांगितलेला नाही.