प्लेस, फ्लाउंडर की डॅब? चपट्या माशांची ओळख

उत्तर युरोपच्या किनाऱ्यालगत, उथळ पाण्याच्या वाळूवर अंग टाकून पडलेले तीन मासे आपण पाहत आहोत. तिघेही चपटे, वरून तपकिरी, खालून पांढरे, आणि तिघांचेही दोन्ही डोळे एकाच अंगाला. प्लेस, फ्लाउंडर आणि डॅब या जातींना स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियसने १७५८ मध्येच शास्त्रीय नावे दिली; तरीही त्यांची ओळख पटवताना आजही गफलत होते, कारण आपली नजर आधी रंगावर जाते.

तळ जसा असेल तशी अंगावरची छटा हे मासे बदलू शकतात. नारिंगी ठिपके ही प्लेसची खूण मानली जाते आणि बहुतेक वेळा ती खरी ठरते, पण तसेच, जरा फिकट ठिपके फ्लाउंडरवरही आढळतात.

म्हणून आता अगदी जवळून पाहू. प्लेसची त्वचा गुळगुळीत असते आणि त्याच्या डोळ्यांमधून मागे, पार्श्वरेषा (अंगावरून डोक्याकडून शेपटीकडे जाणारी बारीक रेषा) सुरू होते तिथपर्यंत, साधारण चार ते सात हाडांचे उंचवटे एका ओळीत दिसतात. फ्लाउंडरचे पर दोन्ही कडांना जिथे अंगाला जुळतात, तिथे बारीक काटेरी गाठींची रांग असते. ओल्या बोटालाही ती चटकन जाणवते. डॅबवर शेपटीकडून डोक्याकडे बोट फिरवले, तर खवले खरखरीत लागतात. त्याची पार्श्वरेषा छातीच्या पराजवळ ठळक कमानीसारखी वर वळते, तर उरलेल्या दोघांत ती जवळपास सरळ जाते. माशाला हात न लावता, केवळ छायाचित्रावरून निर्णय करायचा असेल, तर ही कमान सर्वांत भरवशाची आहे.

डोळ्यांची बाजू मात्र जपून वापरावी. या तिन्ही जातींत डोळे सहसा उजव्या अंगाला येतात, पण डाव्या अंगाला डोळे असलेले फ्लाउंडर मुळीच दुर्मीळ नाहीत. त्यातच प्लेस आणि फ्लाउंडर यांचा संकर होतो, आणि अशा माशात दोघांच्याही खुणा मिसळलेल्या असतात.

बाल्टिक समुद्रात तर डोळा आणि बोट दोन्ही अपुरे पडतात. तिथल्या फ्लाउंडरपैकी एक गट ही स्वतंत्र जात असल्याचे २०१८ मध्ये जाहीर झाले आणि पेर सोलेमदाल या नॉर्वेजियन संशोधकाच्या स्मरणार्थ तिला प्लॅटिक्थिस सोलेमदाली हे नाव मिळाले. बाहेरून ती जुन्या जातीहून खात्रीने वेगळी ओळखता येत नाही. फरक आहे तो जनुकांत आणि प्रजननात: जुन्या जातीची अंडी खोल, अधिक खाऱ्या पाण्यात तरंगत वाढतात, तर नव्या जातीची अंडी किनाऱ्याजवळच्या मचूळ पाण्यात तळाशी बसतात. त्यामुळे बाल्टिकमध्ये पकडलेल्या माशाची जनुकीय तपासणी झालेली नसेल, तर नोंदीत जातीचे नाव न घालता केवळ ‘फ्लाउंडर’ एवढेच लिहावे.