१७ शेकेलांचं खरेदीखत

नमस्कार श्रोतेहो. पहिली पेरणी वाया गेल्यावर दुबार बियाण्याची पिशवी उचलताना हात कसा जड होतो, ते विदर्भात कुणाला समजावून सांगायला नको. म्हणूनच आज यिर्मया संदेष्ट्याच्या एका व्यवहाराबद्दल बोलू. बायबल हाताशी असेल तर यिर्मया, अध्याय ३२ काढून ठेवा.

यरुशलेमला वेढा पडलाय. बाबेलच्या फौजेनं तटाला लागून मातीचे चढ रचलेत, आत उपासमार सुरू आहे. शहर पडणार, असं राजाला स्पष्ट सांगितल्यामुळं यिर्मया पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत आहे. अशात चुलतभाऊ हनामेल येऊन म्हणतो, अनाथोथचं माझं वावर तू घे, जवळचा नातलग म्हणून ते सोडवून घेण्याचा हक्क तुझाच आहे. अनाथोथ यिर्मयाचं गाव, यरुशलेमहून जेमतेम पाच किलोमीटर, म्हणजे वेढ्याच्या पलीकडं. धरणाच्या बुडितात जाणाऱ्या वावराला गिऱ्हाईक शोधावं, तसलाच हा प्रकार.

आणि यिर्मया घेतो. १७ शेकेल चांदी, आजच्या मापानं २०० ग्रॅमच्या आसपास, तराजूत तोलून देतो. दस्तावर सही, मोहोर, साक्षीदार, सगळं रीतसर. प्रती दोन: एक मोहोरबंद, एक उघडी. पुन्हा सांगतो, एक मोहोरबंद, एक उघडी. उघडी वाचायला. उद्या कुणी मजकुरात खाडाखोड केली तर मोहोर फोडून ताडून पाहायला दुसरी. (आपल्याकडं भाऊभाऊ तोंडी वाटणी करतात आणि मग तीस वर्षं धुऱ्यावरून भांडतात. दस्त करून घ्या हो!) दोन्ही प्रती सगळ्यांदेखत आपला लेखनिक बारूख याच्या हाती दिल्या आणि मातीच्या भांड्यात ठेवायला सांगितल्या, पुष्कळ दिवस टिकाव्यात म्हणून. मातीच्या भांड्याला कमी लेखू नका. मृत समुद्राजवळ कुमरानच्या कोरड्या गुहेत १९४७च्या सुमारास ज्या गुंडाळ्या सापडल्या, त्यांतल्या काही अशाच झाकणबंद भांड्यांत दोन हजार वर्षं राहिल्या होत्या.

मग येतं ते वचन: या देशात घरं, शेतं, द्राक्षमळे पुन्हा विकत घेतले जातील.

पण वाचणारे इथंच पुस्तक मिटतात. तसं करू नका. याच अध्यायातली २४ आणि २५ ही वचनं वाचा. दस्त झाल्यावर यिर्मया देवालाच विचारतो, चढ तटाला भिडलेत, शहर गेल्यात जमा आहे, आणि तू म्हणतोस वावर घे? आधी चांदी तोलली, शंका नंतर विचारली. आधी चांदी, नंतर शंका. ही दोन वचनं गाळली की आशा म्हणजे मनात शंकाच नसणं, असा समज होतो आणि खचलेला माणूस वर स्वतःलाच दोष देत बसतो.

तसंच यिर्मयाच्याच २९व्या अध्यायातल्या ११व्या वचनाचं. भविष्य आणि आशा देणारं ते वचन भिंतीवरच्या कॅलेंडरवर असतं. त्याच्या आधीचं १०वं कुणी छापत नाही, कारण तिथं बाबेलातली सत्तर वर्षं लिहिलीत! आणि ५व्यात काय आहे? परमुलखातच घरं बांधा, बागा लावा, त्यांचं फळ खा. भविष्यवाणीतून जगबुडीची तारीख काढणाऱ्यांनी आधी एखादं झाड लावावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता दुसरा एक संदेष्टा, योएल, त्याच्या पुस्तकाबद्दल थोडक्यात. पहिल्या अध्यायात टोळांना चार नावं आहेत, एकानं सोडलेलं दुसऱ्यानं खाल्लं. २:२५ मध्ये भरपाईचं वचन आहे, पण पिकाची नव्हे, वर्षांची भरपाई. वर्षांची. २०१७ची बोंडअळी आठवा. कापूस एका हंगामाचा गेला, सोसायटीचं कर्ज किती हंगाम पुरलं?

यिर्मयाचं शहर इ.स.पू. ५८७च्या सुमारास पडलंच, लोकांना बाबेलला नेलं. इ.स.पू. ५३८ मध्ये इराणच्या कोरेश राजानं त्यांना परत जायची मुभा दिली. परतलेल्यांची यादी बायबलमधल्या एज्रा या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात आहे. नुसती नावं आणि आकडे, म्हणून लोक ती ओलांडून जातात. आज रात्री जेवणं झाली की २३व्या वचनावर बोट ठेवून घरच्यांना ऐकू जाईल असं वाचा: अनाथोथचे लोक, १२८.