चाव्यांच्या जुडग्यावरून ओळखलेला माणूस

पॅरिसच्या जमिनीखाली एक दगड उभा आहे, त्यावर फिलिबेर आस्पेर असं नाव कोरलंय. हा वाल-द-ग्रास हॉस्पिटलचा दारवान. १७९३ च्या नोव्हेंबरमध्ये तो शहराखालच्या जुन्या दगडखाणींत उतरला आणि परत आलाच नाही. सापडला अकरा वर्षांनी, १८०४ मध्ये, आणि ओळखला कशावरून, तर जवळच्या चाव्यांच्या जुडग्यावरून. जिथे सापडला तिथेच त्याला पुरलं. आज अर्बन एक्सप्लोरेशन करणारे, म्हणजे शहरातल्या बंद, ओसाड, मनाई असलेल्या जागा बघत फिरणारे अर्बेक्सवाले, त्यांच्यातले बरेच जण त्याला आपला पहिला माणूस मानतात.

आता अर्बेक्स म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर ओसाड इमारती येतात, गंजलेली मशीनं, भिंत फोडून आलेलं झाड वगैरे, पण हा छंद ओसाड इमारतींपासून सुरू झालेलाच नाही. सुरू झाला तो बंद दारांपासून. अमेरिकेतल्या एमआयटीचे विद्यार्थी कॅम्पसच्या छतांवर आणि जमिनीखालच्या बोगद्यांमधून रात्री फिरायचे आणि त्या फिरण्याला ते हॅकिंग म्हणायचे, कॉम्प्युटरचा तिथे काही संबंध नव्हता. १९७७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत सुइसाइड क्लब निघाला, नाव भयंकर असलं तरी ती मंडळी पुलांवर चढायची, पडक्या इमारतींत जायची. १९८६ मध्ये मेलबर्नच्या पोरांनी केव्ह क्लॅन काढला, त्यांचं सगळं लक्ष पावसाच्या पाण्याच्या भल्यामोठ्या गटारांवर. आणि पॅरिसमध्ये तर काय, शहराखाली जवळपास ३०० किलोमीटरचे बोगदे, १९५५ पासून तिथे परवानगीशिवाय उतरायला बंदी, तरी उतरणारे उतरतातच, त्यांना कॅटाफिल म्हणतात. मग कारखाने धडाधड बंद पडायला लागले आणि रिकाम्या इमारतींचा ढीग लागला, तेव्हा कुठे पडझडीचे फोटो हा या छंदाचा चेहरा झाला.

याच्याही आधीची एक गोष्ट मला फार आवडते. १४ एप्रिल १९२१ ला पॅरिसमधल्या दादावादी, म्हणजे रूढ कलेची टर उडवणाऱ्या कलावंतांनी लोकांना एका सहलीला बोलावलं, आणि सहल कुठे, तर सेंट-ज्युलियन-ल-पोव्र नावाच्या छोट्या दुर्लक्षित चर्चपाशी. ज्या जागा बघायला कुणी जात नाही त्याच बघायच्या अशी कल्पना होती. पाऊस आला, लोक पांगले, पुढच्या सहली झाल्याच नाहीत. पण विचार बघा ना किती मोठा आहे, की जागा बघण्यासारखी आहे की नाही हे गाइडने का ठरवायचं.

या सगळ्या विखुरलेल्या लोकांना एक नाव आणि एक शिस्त दिली ती टोरंटोच्या जेफ चॅपमनने. निंजालिशियस या टोपणनावाने त्याने १९९६ मध्ये इन्फिल्ट्रेशन नावाचं छोटं मासिक काढलं, जिथे जायला मनाई आहे अशा जागांबद्दलचं. काही चोरायचं नाही, काही फोडायचं नाही, हे तो कळकळीने सांगायचा. २००५ मध्ये कॅन्सरने गेला, वय फक्त ३१.

मी स्वतः पहिल्यांदा एका बंद कारखान्यात गेले ती रीतसर परवानगी काढून, आणि तुम्हालाही तेच सांगेन, कारण मालकी कुणाची तरी असतेच आणि कायदाही असतो. तिथे एका लोखंडी खांबावर कुणीतरी पेन्सिलने ओव्हरटाइमचे तास मांडले होते, रोजचा आकडा एकाखाली एक, आणि बेरीज केलेलीच नव्हती. मी त्या खांबापाशी किती वेळ उभी होते मला आठवत नाही, पण तेव्हापासून मी या जागांमध्ये माणसं शोधते. जपानमधल्या हाशिमा बेटाचे फोटो तुम्ही पाहिले असतील, समुद्रातल्या त्या जेमतेम ६.३ हेक्टरवर १९५९ मध्ये पाच हजारांच्या वर लोक राहत होते, १९७४ मध्ये कोळसा खाण बंद झाली आणि काही महिन्यांत बेट रिकामं. फोटो सुंदर येतात, पण युद्धाच्या काळात तिथे कोरियन आणि चिनी मजुरांना जबरदस्तीने राबवलं होतं, ते फोटोत दिसत नाही, त्यासाठी वाचावं लागतं. न वाचता नुसतं क्लिक क्लिक करत फिरणं मला मनापासून खटकतं.

धोक्याबद्दल बोलायलाच हवं. लोक वॉचमनला घाबरतात, घाबरायला हवं जमिनीला. कुजलेली लाकडी फरशी वरून धड दिसते आणि पाय ठेवला की खाली जाते, लिफ्टचे खड्डे अंधारात उघडे असतात. जुन्या इमारतींत पाइपांभोवती, छतात ॲस्बेस्टॉस असतं, त्याची धूळ आज श्वासातून गेली तर आजार कित्येक दशकांनी कळतो, आणि साधा कापडी मास्क तिथे काहीच कामाचा नाही. गटारांचं तर केव्ह क्लॅनवाल्यांनीच ठरवून टाकलंय की पाऊस असेल तर उतरायचं नाही, कारण पाऊस पडतो लांब कुठेतरी आणि पाणी बघता बघता तुमच्यापर्यंत येतं. एकट्याने जाऊ नका, बाहेर कुणाला तरी सांगून ठेवा. आस्पेरने कुणाला सांगितलं असतं तर कदाचित इतकी वर्षं लागली नसती.

मघाशी कुणीतरी विचारलं, की एखादी छोटी वस्तू आठवण म्हणून उचलली तर काय बिघडलं, नाहीतरी इमारत पडणारच आहे. डेट्रॉइटचं मिशिगन सेंट्रल स्टेशन १९८८ मध्ये बंद झालं, वर्षानुवर्षं ते अमेरिकेतलं सगळ्यात जास्त फोटो निघालेलं पडकं स्टेशन असेल, आणि सगळ्यांना वाटायचं की हे आता पडणारच. २०१८ मध्ये फोर्ड कंपनीने ते विकत घेतलं, २०२४ मध्ये ते पुन्हा उघडलं. खरेदीची बातमी आली तेव्हा एका अनोळखी माणसाने कळवलं, की वीस वर्षांपूर्वी स्टेशनातून गेलेलं घड्याळ एका जळक्या ट्रेलरला टेकवून ठेवलंय, घेऊन जा. लोक गेले, तर घड्याळ खरंच तिथे होतं, ब्लँकेटमध्ये नीट गुंडाळलेलं.