चिपाडावर चालणारं बेट

अध्यक्षांनी ओळख करून देताना मला ऊर्जातज्ज्ञ म्हटलं. तेवढी दुरुस्ती करतो आणि मग सुरुवात करतो. मी बॉयलरवाला माणूस. साखर कारखान्याच्या को-जनवर, म्हणजे उसाचा रस काढून उरलेलं चिपाड जाळून वाफ आणि वीज करणाऱ्या विभागात, तीस वर्षं काढली. अग्निप्रदीपनाच्या नारळापासून हंगाम संपल्यावर ट्यूब घासण्यापर्यंत सगळं केलं. त्यामुळे मॉरिशसला गेलो तेव्हा बरोबरची मंडळी समुद्राकडे धावली आणि मी चिमणी शोधत फिरलो. आज बोलणार आहे ते त्या चिमणीबद्दल, म्हणजे उसाच्या चिपाडावर त्या बेटाची वीज कशी चालते याबद्दल.

आधी आकार डोळ्यांसमोर आणा. मॉरिशसचं मुख्य बेट १८६५ चौरस किलोमीटरचं. आपला रत्नागिरी जिल्हा ८२०० चौरस किलोमीटरचा, म्हणजे एका रत्नागिरीत चार मॉरिशस बसतात. रत्नागिरीचंच नाव घेतलं, कारण १८३४ नंतर गिरमिटाखाली हिंदुस्थानातून ऊस तोडायला जी माणसं गेली, त्यांत मुंबई बंदरातून चढलेली कोकणातली बरीच होती. त्यांच्या वंशजांना आजही तिथे 'मराठी' म्हणतात आणि गणेश चतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते. देशाची वस्ती साडेबारा लाखांच्या आसपास. विजेची कमाल मागणी पाचशे मेगावॅटच्या थोडी वर. नुसत्या मुंबईची मागणी चार हजार मेगावॅटच्या पुढे जाते. मग तुम्ही म्हणाल, एवढ्याशा बेटाला वीज पुरवण्यात अवघड ते काय? एक चांगलं मोठं केंद्र बांधा, विषय संपला.

तसं करता येत नाही, आणि अडतं ते याच 'एवढ्याशा'पाशी. यात्रेतला रथ ओढायला दोनशे माणसं दोरीला असतात. एखाद्याचा हात सुटला तर रथाला पत्ताही लागत नाही. पालखीला आठ खांदे असतात. एक ठेचकाळला की पालखी कलते. आपला देश म्हणजे तो रथ. ३१ डिसेंबर २०१३ ला दक्षिणेचं ग्रिड, म्हणजे विजेचं जाळं, बाकीच्या देशाला जोडलं गेलं, तेव्हापासून काश्मीर ते कन्याकुमारी एकाच फ्रिक्वेन्सीवर चालतं. ३० मे २०२४ ला देशाची मागणी अडीच लाख मेगावॅटवर गेली होती. अशा ग्रिडमध्ये चंद्रपूरचा पाचशे मेगावॅटचा संच ट्रिप झाला, म्हणजे अचानक बंद पडला, तरी तुमच्या पंख्याला ते कळत नाही. मॉरिशसमध्ये मध्यरात्री अडीच-तीनशे मेगावॅटचा लोड असताना चाळीस मेगावॅटचं एक मशीन ट्रिप झालं की पालखीचा खांदा निखळतो. फ्रिक्वेन्सी पन्नास हर्ट्झवरून घसरायला लागते आणि काही सेकंदांत कुणीतरी भार उचलावा लागतो, नाहीतर फीडर पाडावे, म्हणजे काही भागांची वीज तोडावी लागते. शेजाऱ्याकडून उसनी घ्यावी म्हटलं तर सगळ्यात जवळचं रेयुनियन बेट दोनशे किलोमीटरवर, आणि मधे खोल समुद्र.

यामुळेच तिथे सौरऊर्जा म्हणजे नुसतं पॅनेल लावणं नव्हे. बेटाच्या मधोमध पठार आणि डोंगर आहेत, आग्नेयेकडून सतत वारा येतो, ढग येतात आणि जातात. दुपारी स्वच्छ ऊन असताना दहा मिनिटांत उत्पादन कोसळू शकतं. म्हणून तिथल्या सेंट्रल इलेक्ट्रिसिटी बोर्डाने १८ मेगावॅटच्या बॅटऱ्या बसवल्या. बॅटरी म्हटलं की आपल्याला वाटतं, दिवसाचं ऊन साठवून रात्री वापरायचं. या बॅटऱ्या त्यासाठी नाहीतच. खांदा निखळल्यावर दुसरा खांदा येईपर्यंत पालखी धरून ठेवायची, एवढंच त्यांचं काम. ते 'एवढंच' किती मोलाचं असतं, हे कंट्रोल रूममध्ये बसलेल्या माणसाला विचारा.

बेटाला लागणाऱ्या एकूण ऊर्जेतले दहातले जवळपास नऊ हिस्से जहाजाने येतात. पोर्ट लुईच्या बाजूला जड फर्नेस तेलावर चालणारी इंजिनं आहेत, मोठ्या जहाजांना असतात त्या जातीची. कोळसा येतो तो मुख्यतः दक्षिण आफ्रिकेतून. पेट्रोल-डिझेल कित्येक वर्षं आपल्या मंगळूरच्या रिफायनरीतून जात होतं.

तेलाचा विषय निघाला आहे तर एक चित्र सांगतो. २५ जुलै २०२० ला वाकाशिओ नावाचं जपानी मालकीचं मालवाहू जहाज आग्नेय किनाऱ्याजवळच्या प्रवाळावर चढलं. त्यात जवळपास चार हजार टन इंधनतेल होतं. ते बेटासाठी नव्हतं, जहाजाचं स्वतःचं होतं. जहाज आपलं बाजूने ब्राझीलला निघालं होतं. ६ ऑगस्टला टाकी फुटली आणि सुमारे हजार टन तेल खाडीत पसरलं. तेव्हा माहेबूरच्या किनाऱ्यावर लोकांनी काय केलं? शेतातून उसाचं पाचट, म्हणजे वाळकी पानं, आणलं, कापडात आणि जाळ्यात भरून लांबच लांब वळकट्या शिवल्या आणि रिकाम्या बाटल्या बांधून पाण्यावर सोडल्या, तेल अडवायला. काहींनी डोक्याचे केस कापून दिले. आपल्याकडे जे पाचट आपण बांधावर पेटवून देतो, ते तिथे समुद्र वाचवायला गेलं. मी ते फोटो कितीदा पाहिले असतील. कारण तेलाने अडचणीत आणायचं आणि उसाने हात द्यायचा, हा त्या बेटाचा सत्तर वर्षांचा हिशोब आहे.

१९५७ साली सेंट अँतवानच्या साखर कारखान्याने पहिल्यांदा चिपाडापासून केलेली वीज सार्वजनिक ग्रिडला विकली. सत्तावन्न साली! आपल्याकडे तेव्हा सहकारी कारखानदारी नुकती चालायला शिकत होती, आणि चिपाड म्हणजे कशीतरी विल्हेवाट लावायची डोकेदुखी होती. जाळून संपवायचं म्हणून आपले जुने बॉयलर मुद्दाम कमी दाबाचे, चौरस सेंटीमीटरला २१ किंवा ३२ किलोचे. मॉरिशसवाल्यांनी उलटा विचार केला. बेल व्ह्यूला २००० साली आणि ला बराकला २००७ साली त्यांनी ८२ बार (एक बार म्हणजे जवळपास एक किलोच) दाबाची केंद्रं उभी केली. टनभर उसामागे शंभराहून जास्त युनिट ग्रिडला देता येतात, हे त्यांनी करून दाखवलं. आपल्या लोकांनी पुढे ८७ आणि ११० किलोचे बॉयलर घेतले, तेव्हा मॉरिशसचा दाखला आमच्या प्रत्येक सेमिनारमध्ये असायचा. एके काळी देशाच्या विजेचा जवळपास सहावा हिस्सा चिपाडातून यायचा.

आता त्या चिमणीकडे येतो. मी ऑगस्टमध्ये गेलो होतो, गाळप जोरात होतं. केंद्राच्या एका बाजूला चिपाडाचा ढीग, तोच आंबूस गोड वास, डोळे मिटले असते तर मला वाटलं असतं आपण शिरोळ तालुक्यातच आहोत. आणि दुसऱ्या बाजूला, छपराखाली, काळा ढीग. कोळसा. दोन्ही माल त्याच बॉयलरला जातात. शिफ्टवरच्या तरुण इंजिनिअरने मला विचारलं, तुमच्याकडे हंगाम संपला की बॉयलर काय खातो? मी म्हटलं, बहुतेक ठिकाणी काही नाही, चिपाड संपलं की बंद ठेवतो, दुरुस्तीला घेतो. तो हसला. म्हणाला, आम्हाला बंद ठेवायची सोय नाही.

त्याचं म्हणणं नीट समजून घ्या. मॉरिशस विषुववृत्ताच्या खाली. तिथे गळीत हंगाम जूनपासून डिसेंबरपर्यंत, म्हणजे त्यांच्या हिवाळ्यात सुरू होतो. विजेची मागणी शिगेला पोहोचते जानेवारी-फेब्रुवारीत, भर उन्हाळ्यात, जेव्हा हॉटेलपासून घरापर्यंत सगळे एसी चालू असतात. नेमकं तेव्हा चिपाड संपलेलं असतं. महागडा बॉयलर सहा महिने रिकामा ठेवून त्याचं कर्ज फिटत नाही. म्हणून सहा महिने चिपाड, सहा महिने कोळसा. तीन टन चिपाड म्हणजे ढोबळमानाने एक टन कोळसा, शिवाय कोळसा ओला नसतो, कुजत नाही. ज्या चिपाडाच्या केंद्रांचं जगभर कौतुक झालं, त्याच दारातून कोळसा बेटावर स्थिरावला. मी हे टीका म्हणून सांगत नाही. त्या जागी मी असतो तर मीही हेच डिझाइन केलं असतं.

पण त्यामुळे एक गोष्ट झाली. चिपाड कमी पडलं की कोळसा आपोआप वाढतो, त्यासाठी कुणाला वेगळा निर्णय घ्यावा लागत नाही. आणि चिपाड कमी पडायला लागलं. युरोपने १९७५ पासून मॉरिशसची साखर ठरलेल्या चढ्या भावाने घ्यायची हमी दिली होती. २००६ ते २००९ या काळात तो भाव ३६ टक्क्यांनी उतरवला आणि ती व्यवस्थाच गुंडाळली. १९७३ साली सात लाख टनांवर साखर करणारा देश आता अडीच लाख टनांच्या आसपास घुटमळतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात अडीचशेवर कारखाने होते, आज तीन आहेत. चिपाडाची वीज घसरत घसरत एकूण विजेच्या दहाव्या हिश्श्याजवळ आली.

तिथल्या उसाच्या रानात फिरताना एक गोष्ट दिसते. सऱ्यांच्या मधे काळ्या दगडांचे मोठाले ढीग, काही तर दुमजली घराएवढे, नीट रचलेले. ज्वालामुखीची जमीन, दगडच दगड. ते हातांनी वेचून रचले गिरमिटियांनी. आता तेच ढीग यंत्राच्या आड येतात, आणि हाताने तोडायला कुणी तयार नाही. लहान शेतकऱ्याची मुलं पोर्ट लुईत बँकेत किंवा हॉटेलात. दोन-चार एकरवाल्याला तोडणीचाच खर्च परवडत नाही, तो रान पडीक टाकतो.

त्याची तक्रार ऐकली तेव्हा मला सांगली-कोल्हापूरची ऊस परिषद आठवली. 'साखरेचे पैसे मिळाले, चिपाडाचे कुठे गेले?' कारखाना चिपाड जाळून वीज विकतो, शेतकऱ्याच्या हातावर नावापुरती रक्कम. आपल्याकडे रंगराजन समितीने २०१२ साली उपपदार्थांसह उत्पन्नाची ७० टक्के शेतकऱ्याला, ३० कारखान्याला अशी वाटणी सुचवली, तिचं पुढे काय झालं ते इथे बसलेल्यांना मी सांगायला नको. मॉरिशसने २०२१ साली चिपाडापोटी शेतकऱ्याला साखरेच्या टनामागे तिथले ३३०० रुपये द्यायचं ठरवलं. माझ्या मते त्या देशाच्या ऊर्जाधोरणातला हा सगळ्यात शहाणा निर्णय, आणि तो शेतीच्या बजेटमध्ये बसलेला असल्याने ऊर्जेवर बोलणाऱ्यांना दिसत नाही. तिथे नवीकरणीय वीज वाढवायची की नाही, हे निम्मंअधिक यावर ठरतं की दोन एकरवाला पुढच्या वर्षी लागण करणार आहे का.

सूर्य-वाऱ्याकडेही बघतो, नाहीतर बॉयलरवाला एकतर्फी बोलला म्हणाल. मी ज्या घरी उतरलो होतो तिथल्या आजी मोडकं पण गोड मराठी बोलायच्या. घर सिमेंटचं, सपाट स्लॅबचं. तिथली बहुतेक घरं तशीच. १९६० च्या कॅरोल वादळात ताशी अडीचशे किलोमीटरच्या वर झोत गेले, गवताची-पत्र्याची घरं उडाली, आणि नंतर देशच सिमेंटकडे वळला. त्या स्लॅबवर सोलर वॉटर हीटर, चारी बाजूंनी घट्ट आवळलेला. १९९२ पासून सरकारने त्यासाठी स्वस्त कर्जं दिली. संध्याकाळी आंघोळीला जी वीज लागली असती ती ग्रिडवर आलीच नाही. याचा कुणी सत्कार करत नाही, पण मला हे काम मोठं वाटतं. आजी म्हणाल्या, वादळाचा क्लास, म्हणजे इशाऱ्याचा टप्पा, लागला की आम्ही पाणी भरतो, फोन चार्ज करतो, भाजी शिजवून ठेवतो, आणि वर जाऊन हीटरच्या तारा ओढून बघतो.

पॅनेलची शेतंही आहेत. बांबू नावाच्या गावाच्या बाजूला १५ मेगावॅटचं २०१४ साली आलं. आंरिएताला भारताच्या मदतीने ८ मेगावॅटचं झालं. पण गंमत बघायची असेल तर रॉड्रिग्जला जा. मुख्य बेटापासून साडेपाचशे किलोमीटरवरचं हे छोटं बेट मॉरिशसचाच भाग. तिथे पवनचक्क्या आहेत, दोन पात्यांच्या. वादळाची वर्दी आली की दोर ढिले करून खांबासकट त्या जमिनीवर निजवतात. वादळ गेलं की पुन्हा उभ्या करतात. आपल्या ढालगावच्या पठारावरची पवनचक्की अशी निजवायची कल्पना करा! म्हणून त्या लहान आहेत, सगळ्यात मोठी २७५ किलोवॅटची. मोठी निजवता येत नाही, आणि उभी ठेवायची तर वादळाशी पैज लावावी लागते.

२०२१ साली सरकारने जाहीर केलं, २०३० पर्यंत ६० टक्के वीज नवीकरणीय आणि कोळसा बंद. त्यानंतरच्या वर्षांत प्रत्यक्षातला आकडा विशीच्या आत-बाहेरच राहिला. कोळसा बंद करायचा म्हणजे त्याच बॉयलरला जानेवारीत दुसरं काहीतरी खायला घालायचं. शेजारच्या रेयुनियनने हे करून टाकलं आहे. २०२३ साली तिथल्या बोआ-रूजच्या केंद्राने कोळसा सोडला. आता चिपाड संपलं की तिथे लाकडाच्या गोळ्या जळतात, आणि त्या गोळ्या येतात समुद्रापलीकडून, जहाजाने. कागदावर शंभर टक्के नवीकरणीय. माझ्या त्या इंजिनिअर मित्राला हे फारसं पटत नाही. त्याचा भर पाचटावर आहे. रानातच पडून राहणाऱ्या पाचटाच्या गाठी बांधायच्या, साठवायच्या आणि उन्हाळ्यात जाळायच्या.

अध्यक्ष घड्याळाकडे बघतायत, तेव्हा थांबतो. श्रोत्यांत को-जनवर काम करणारे कुणी असतील तर चहाला मागे राहा. पाचटात पोटॅश आणि क्लोरिन चिपाडापेक्षा जास्त, सुपरहीटरच्या, म्हणजे वाफ आणखी तापवणाऱ्या भागाच्या, ट्यूबवर त्याचा थर बसतो. किती टक्क्यांपर्यंत मिसळलं तर चालतं, यावर त्या इंजिनिअरचं आणि माझं अजून एकमत झालेलं नाही.